टॅमरॅकची गोधडी

१

लोकर जळाली की केस जळल्यासारखा वास येतो. न्याहारीच्या घंटेआधी मी टेकडी चढत होते तेव्हा तोच वास वरून खाली येत होता, आणि मला वाटलं, कुणा पोरीची वेणी शेकोटीत गेली. मी कॅम्पची नर्स. माझ्या डोक्यात आधी भाजलेलं अंगच येतं. औषधांची पेटी छातीशी धरून मी जवळजवळ पळतच वर गेले.

वर कुणी नव्हतं. टॅमरॅकच्या चारही केबिनांची दारं सताड उघडी, आत अंथरुणं रिकामी. मधल्या दगडी आळ्यात, जिथे रोज संध्याकाळी शेकोटी पेटते, तिथे राखेचा मोठा ढीग होता, अजून गरम. ढिगातून पितळी कड्या डोकावत होत्या. त्या कड्या मी ओळखल्या.

टॅमरॅकच्या हॉलचं दार ढकललं. आढ्याखाली गोधडी टांगलेली असायची तिथे नुसती दोरी लोंबत होती.

टॅमरॅक म्हणजे आमच्या कॅम्पमधल्या सगळ्यात मोठ्या मुलींचा वाडा. खालच्या केबिनांतल्या पोरी वर्षानुवर्षं वाट बघतात, कधी आपण पंधराच्या होऊ आणि टेकडीवर जाऊ. तिथल्या चालीरीती वेगळ्या, गाणी वेगळी, गुपितं वेगळी. आणि सगळ्यात मोठा मान गोधडीचा. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्या वर्षीच्या मुली एक चौकोन भरून गोधडीला जोडायच्या. नियम एकच होता: त्या उन्हाळ्यात जे सगळ्यात मोठं घडलं ते चौकोनावर यायचं, आणि ते खरं असायचं. मग गोधडी दोरीने पार आढ्यापर्यंत चढवायची. वर्षभर तिला हात लावायचा नाही. नव्वद उन्हाळे त्या कापडावर होते. आता ते माझ्या पायाशी राख होऊन पडले होते.

राखेच्या वर एक ताजी हिरवी डहाळी ठेवलेली होती. मी ती बाजूला टाकली आणि काठीने ढीग उकरला. तळहाताएवढा एक काळा कोपरा उरला होता, त्यावरचं काही ओळखू येत नव्हतं.

तेवढ्यात तळ्याकडच्या वाटेने मुली वर आल्या. सगळ्या ओल्याचिंब, दात वाजतायत, गळ्यात पांढऱ्या पट्ट्या. पुढे ब्लेअर केंड्रिक, टॅमरॅक सांभाळणारी कॉलेजातली मुलगी, तीही एके काळी इथलीच. पहाटे त्यांची कसलीशी पोहण्याची रीत असते एवढंच मला ठाऊक होतं.

ब्लेअरने कड्या पाहिल्या आणि खालीच बसली. मुली रडायला लागल्या. मग एकीने डोळे पुसून विचारलं, "इफ्राह कुठंय?"

मागच्या केबिनच्या आडोशातून इफ्राह वर्समे बाहेर आली. अंग कोरडं, डोक्यावर ओढणी, काखेत नमाजाची चटई गुंडाळलेली. पहाटे या टेकडीवर ती एकटीच होती.

२

कॅम्पची मालकीण प्रिसिला थेअर. कॅम्प तिच्या आजोबांनी काढलेला, त्यामुळे तळं, झाडं आणि माणसं तिघांशीही ती सारख्याच आवाजात बोलते. इफ्राहला तिने कचेरीत उभं केलं. बसायला सांगितलं नाही.

"तू आज किती वाजता उठलीस?"

"उजाडायच्या आधी. नमाज पढायला."

"बाकीच्या मुली तळ्यावर होत्या. तू का गेली नाहीस?"

"मी कालच सांगितलं होतं, मी जाणार नाही."

"काल जेवताना तू आणखी काय म्हणालीस?"

इफ्राहने खाली पाहिलं. "जाळून टाका म्हणाले."

"झालं तर," प्रिसिला म्हणाली आणि फोन उचलला.

झालं. एवढ्यावर एका पोरीचा निकाल लागला. बाजारात केळं उचलणाऱ्या पोराला लोक यापेक्षा जास्त प्रश्न विचारतात.

काल जेवताना काय झालं ते सगळ्या कॅम्पने ऐकलं होतं. ब्लेअरने उठून सांगितलं, उद्या पहाटे टॅमरॅकची जुनी रीत आहे, सगळ्या पंधरा वर्षांच्या मुली येतील. इफ्राह उभी राहिली. हातातला पावाचा तुकडा तिने ताटात ठेवला आणि म्हणाली, "मी येणार नाही. त्या गोधडीवर काय आहे ते मी पाहिलंय. जाळून टाका ती." जेवणघरात पोरींनी हुर्यो केली. कुणी म्हणालं, ही फुकटात आली आणि आम्हालाच शिकवते. लुइस्टन शहरातल्या मशिदीजवळच्या शाळेतून शिष्यवृत्तीवर आलेली ती कॅम्पमधली एकटी सोमाली मुलगी. सगळ्यांच्या कानांत फक्त शेवटचं वाक्य राहिलं.

कचेरीतल्या आरामखुर्चीत मेरेडिथ फारवेल कॉफी पीत बसली होती. जुन्या टॅमरॅककरणींच्या मंडळाची अध्यक्ष, पोर्टलंडची नावाजलेली वकील. कौटुंबिक न्यायालयावर न्यायाधीश म्हणून तिची नेमणूक होणार, हे पेपरात आलं होतं. शनिवारच्या स्नेहमेळाव्यासाठी ती आधीच येऊन राहिली होती.

"मुलीवर फार चिडू नकोस, प्रिसिला," ती गोड आवाजात म्हणाली. "ज्या घरात या गोष्टी नाहीत, तिथल्या पोरीला त्यांचं मोल कसं कळावं?"

इफ्राहचा जबडा आवळला गेला. मला बोलायचं होतं, पण फोनवर पलीकडे तिचे वडील आले होते. "मिस्टर वर्समे, तुमच्या मुलीने आमचं फार मोठं नुकसान केलंय. तिला आजच घेऊन जा." पलीकडचा माणूस काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. प्रिसिलाने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "रीटा, कामाच्या गड्याला सांग, राख भरून टाकून दे. दुपारी गोधडी बघायला म्युझियमची माणसं येतायत."

"राखेला कुणी हात लावायचा नाही," दारातून आवाज आला.

बर्टी पेल्की उभी होती. एका हातात ब्लूबेरीचा केक, कोटावर चुरा. तीही जुनी टॅमरॅककरीण, मेरेडिथच्या आधीच्या काही वर्षांतली, आणि तीही मेळाव्यासाठी आलेली. निवृत्त होईपर्यंत तिने विमा कंपनीसाठी जळालेली घरं, कोठारं, गिरण्या तपासल्या होत्या. आपलंच घर पेटवणाऱ्या माणसांची तिला इतकी सवय होती, की कुणी रडायला लागलं तर ती आधी त्याचे हात बघायची.

"बर्टी, हा काही विम्याचा मामला नाही," मेरेडिथ हसून म्हणाली.

"म्हणून तर फुकट बघतेय." बर्टीने मला खूण केली आणि आम्ही बाहेर पडलो. दहा पावलं गेल्यावर ती थांबली. "रीटा, सगळ्यात आधी तू पोचलीस ना? मग नीट आठवून सांग. राखेच्या वर काही ठेवलेलं होतं?"

मला एकदम ती डहाळी आठवली. मी अजून कुणालाही तिच्याबद्दल सांगितलं नव्हतं.

३

डहाळी मी भिरकावली होती तिथेच गवतात पडली होती. बर्टीने ती उचलली, सुया बोटांनी चोळल्या, वास घेतला.

"फरची नाही ही," मी म्हणाले. टेकडीवर सगळीकडे फरचीच झाडं आहेत, त्यांच्या सुया जाड, एकेक सुटी. या मऊ होत्या, झुबक्या-झुबक्यांनी उगवलेल्या.

"नाहीच. इथलं मोठं टॅमरॅकचं झाड कुठे गेलं? हॉलच्या मागे होतं ते."

"वादळात पडलं, काही वर्षं झाली. आता टॅमरॅक उरलेत ते फक्त खाली दलदलीत, पाहुण्यांच्या घरामागे."

बर्टीने डहाळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मी विचारलं, काय अर्थ याचा. ती म्हणाली, "आधी मला दोघींशी बोलू दे. तू बरोबर ये. तू असलीस की माणसं खरं बोलतात, तू त्यांच्या उलट्या पुसलेल्या असतात."

ब्लेअर हॉलच्या पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले. बर्टीने तिला अर्धा केक दिला.

"हॉलला कुलूप असतं ना?"

ब्लेअरने घास खाली ठेवला. "असतं. काल रात्री मीच उघडं ठेवलं. इफ्राह म्हणाली ना, गोधडीवर काय आहे ते पाहिलंय, म्हणून मी बघायला गेले. अंधारात काही दिसेना. शिडी लावायची हिंमत झाली नाही. निघताना कुलूप विसरले." ती रडायला लागली. "प्रिसिलाला सांगू नका."

"इफ्राहला कसं दिसलं मग?"

"म्युझियमची माणसं गोधडी उतरवून एकेका चौकोनाचे फोटो काढणार होती. त्याआधी आढ्याची जळमटं काढायची पाळी इफ्राहची होती. ती शिडीवर चढली होती."

"बरं. आता असं सांग, तुम्ही मुली शेकोटी विझवता कशी?"

ब्लेअरने विचित्र नजरेने पाहिलं. "दोन बादल्या पाणी, मग निरोपाचं गाणं, मग झोप."

"आणखी काही नाही?"

"आणखी काय असणार?"

मग आम्ही प्रिसिलाला गाठलं. माझा संशय खरं तर तिच्यावर होता. सकाळपासून राख गायब करायची घाई तिलाच झाली होती, आणि गोधडीवर काही वाईट निघालं असतं तर बुडाला असता तो तिचाच कॅम्प. बर्टीने तिलाही तोच प्रश्न विचारला, शेकोटी विझवण्याचा.

"मला काय ठाऊक?" प्रिसिला वैतागली. "मी टॅमरॅकमध्ये कधी राहिलेच नाही. वडिलांचा नियम होता, मालकाच्या मुलींनी केबिनांत राहायचं नाही, बाकीच्या पोरी दबतात. आम्ही खालच्या घरात. टेकडीवर काय चालतं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही कुणी सांगत नाही." तिच्या आवाजात जुना रुसवा होता.

बाहेर आल्यावर बर्टी म्हणाली, "हिने नाही जाळली."

"कशावरून?"

"आता एकच माणूस राहिलं, ज्याला कुणी खरा प्रश्न विचारलेला नाही. मुलीला भेटू दे."

४

इफ्राहला माझ्या दवाखान्यातल्या खाटेवर बसवलं होतं. सामान भरलेली पिशवी पायाशी. वडील लुइस्टनहून निघाले होते. तिथे ते शहर बस चालवतात, बदली माणूस मिळेपर्यंत थांबावं लागलं.

बर्टी समोरच्या स्टुलावर बसली. "मी बर्टी. आगी तपासायचे. तू जाळलीस?"

"नाही. मी मागच्या केबिनच्या आड नमाज पढत होते. धूर आला, मला वाटलं, कुणी शेकोटी पेटवली."

"बरं. मग मला सांग, तू शिडीवरून काय पाहिलंस?"

इफ्राहचा आवाज फाटला. "सकाळपासून हे कुणीच विचारलं नाही. कालही नाही. सगळ्यांनी एवढंच विचारलं, तू असं का बोललीस."

"मी विचारतेय."

"एक चौकोन होता, वरच्या बाजूला. बाकीच्यांवर होड्या आहेत, पक्षी आहेत, वादळ आहे. त्याच्यावर तळं होतं आणि तळ्यात एक मुलगी. डोळ्यांवर पांढरी पट्टी. दोन्ही खिशांत दगड, राखाडी दोऱ्याने नीट भरलेले. पाणी तिच्या तोंडाच्या वर. आणि काठावर बाकीच्या मुली उभ्या. हात बाजूला सोडून. नुसत्या उभ्या." तिने श्वास घेतला. "त्यांच्या पुढे एक मुलगी होती, तिच्या हातात दोरीचं टोक. दोरी बुडणाऱ्या मुलीपर्यंत जातच नव्हती. आणि मग ब्लेअरने आम्हाला सांगितलं, रीत काय आहे. डोळ्यांवर पट्टी बांधायची, खिशात दगड घालायचे, दोरी धरून तळ्यातल्या एका खडकापर्यंत, त्याला त्या आई म्हणतात, पाण्यातून चालत जायचं. घरी सांगायचं नाही. मी म्हटलं, मी नाही जाणार."

माझ्या डोळ्यांसमोर सकाळच्या ओल्या पोरी आल्या, गळ्यातल्या त्या पांढऱ्या पट्ट्या. म्हणजे हे अजून चालतं. माझ्या नाकासमोर, मला पोहण्याची रीत म्हणून सांगून.

"कुठल्या वर्षाचा चौकोन ते कळलं?" बर्टीने विचारलं.

"वर्ष नव्हतं वाचता येत. खाली फक्त कोपऱ्यात एक टोपी होती. स्वयंपाक्यांची असते तशी उंच टोपी."

ते ऐकलं. मी खाटेच्या कडेवर बसले.

"रीटा? काय झालं?"

"कोलेट," मी म्हणाले. "कोलेट मिशो."

हिवाळ्यात कॅम्प बंद असतो तेव्हा मी गावातल्या आश्रमात काम करते, जिथे स्वतःचं स्वतः करू न शकणारी माणसं राहतात. कोलेट तिथे आहे. चाकांच्या खुर्चीत, शब्द एकेक करून ओढून आणावा लागतो. तिची आई या कॅम्पमध्ये स्वयंपाकीण होती, म्हणून कोलेटला टॅमरॅकमध्ये फुकट जागा मिळाली होती. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट अशी की पोरगी पहाटे नियम मोडून एकटीच पोहायला गेली आणि बुडता बुडता वाचली, पण मेंदूला हवा मिळाली नाही. तिच्या आईने मरेपर्यंत लोकांची माफी मागितली. पोरीने कॅम्पचं नाव खराब केलं म्हणून.

"कोलेट कुठल्या उन्हाळ्यात होती?" बर्टीचा आवाज अगदी खाली आला होता.

मी सांगितलं. बर्टीने डोळे मिटले. "तो मेरेडिथचा उन्हाळा," ती म्हणाली.

५

मेरेडिथ पाहुण्यांच्या घराच्या व्हरांड्यात प्रिसिलाबरोबर बसली होती. म्युझियमच्या माणसांना काय सांगायचं ते दोघी ठरवत होत्या. मला धडक जाऊन तिच्या मुस्काटात मारायची होती. बर्टीने माझा दंड धरला. "तू गप्प राहा. ती बोलकी आहे. तिला बोलू दे."

आम्ही बसलो. बर्टी म्हणाली, "मेरेडिथ, एक जुनी गोष्ट आठवत नाहीये. आपण शेकोटी विझल्यावर काय करायचो गं? राखेवर काहीतरी ठेवायचो. फरची फांदी?"

"फरची कशी असेल?" मेरेडिथला गंमत वाटली. "टॅमरॅकची. शेवटी जिची पाळी ती डहाळी ठेवायची आणि म्हणायची, तुझी ऊब घेतली, माफ कर. डहाळीशिवाय उठायचंच नाही. मी तर एकदा पावसात शोधायला गेले होते."

"ते कधी बंद झालं?"

"आपल्या नंतर लगेच. कुणीतरी निखारे तसेच ठेवून वर डहाळी ठेवली, रान पेटलं. मग पाण्याच्या बादल्या आल्या. आताच्या पोरींना यातलं ओ का ठो माहीत नाही." ती प्रिसिलाकडे वळली. "तुला सांगते, रीती अशाच मरतात. आपल्या पिढीखेरीज कुणाच्या हाताला ती सवय नाही."

"अगदी बरोबर," बर्टी म्हणाली आणि रुमाल उघडून डहाळी टेबलावर ठेवली. "ही आज सकाळी गोधडीच्या राखेवर होती. रीटाने पाहिली."

घरामागच्या दलदलीत टॅमरॅकचे शेंडे हलत होते.

"ब्लेअरला ही रीत माहीत नाही," बर्टी सांगायला लागली, प्रिसिलाकडे बघून. "शिवाय ती सगळ्या मुलींबरोबर तळ्यावर होती. तुला माहीत नाही. इफ्राहला इथे येऊन दोन आठवडे झालेत, तिला कुठून माहीत असणार? ज्याने जाळली त्याने डहाळी ठेवली, आणि कुठलीही नाही, टॅमरॅकचीच. टेकडीवर ते झाड उरलेलं नाही, म्हणजे इथून, या घरामागून तोडून वर नेली. मेळाव्याच्या बाकीच्या बाया शनिवारी येणार. या घरात काल रात्री आम्ही दोघीच झोपलो. मी किंवा ही. आणि मी नाही जाळली."

"डहाळीवरून?" मेरेडिथ हसली. "न्यायालयात हे एक मिनिट टिकणार नाही."

"नाही टिकणार. म्हणून दुसरी गोष्ट सांगते. काल जेवताना ती मुलगी दोन वाक्यं बोलली. सगळ्या कॅम्पने दुसरं ऐकलं, जाळून टाका. पहिलं फक्त तू ऐकलंस. गोधडीवर काय आहे ते तिने पाहिलंय. कोलेटचा चौकोन तुझ्या मैत्रिणींनी भरला होता, मेरेडिथ. त्यांना शपथ घातली असणार तोंड उघडायचं नाही म्हणून. तोंड नाही उघडलं. टाके घातले. नियमच होता ना, खरं तेच भरायचं? तू अडवू शकली नाहीस, पण आढ्यापर्यंत कोण बघतंय म्हणून आजवर निवांत होतीस. आता म्युझियम फोटो काढणार होतं."

प्रिसिलाचा चेहरा राखेसारखा झाला होता. "कोलेट एकटी पोहायला गेली होती," ती म्हणाली. "वडिलांनी सांगितलं होतं मला."

मेरेडिथ डहाळीकडे बघत होती. मग जे बोलली ते फार हळू. "तोडली केव्हा, ठेवली केव्हा ते मला कळलंसुद्धा नाही. हात आपोआप गेला." आणि लगेच तिचा वकिली आवाज परत आला. "मी पंधरा वर्षांची होते. आम्हाला वाटलं, ती नाटक करतेय. मी म्हटलं, थांबा, येईल वर. त्या वयात कळतं का?"

"तीही पंधराचीच होती," मी म्हणाले. आता मला कुणी थांबवू शकलं नसतं. "आणि तुला तेव्हा कळलं नसेल, हे मी समजू शकले असते. पण तू आता पन्नाशी ओलांडलीस. आज सकाळी तू कचेरीत बसून कॉफी प्यायलीस आणि दुसऱ्याच्या पंधरा वर्षांच्या पोरीला चोरासारखी उभी केलेली बघितलीस. पुन्हा काठावर उभी राहिलीस. तुला तिथे उभं राहायला आवडतं का?"

"ती नाहीतरी इथे टिकणार नव्हती," मेरेडिथ म्हणाली.

प्रिसिला थेअर उठली. बर्टी तिला म्हणाली, "म्युझियमच्या माणसांना मी सांगणार आहे, काय जळलं आणि का. आणि शेरिफलाही. तू माझ्याबरोबर येतेस की नाही, ते तू ठरव."

तेवढ्यात फाटकातून एक जुनी निळी गाडी आत आली. इफ्राहचे वडील पोचले होते.

६

मिस्टर वर्समे उंच, सडपातळ गृहस्थ. बस चालवायचा गणवेश अंगावर तसाच. प्रिसिलाने त्यांचा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली, फार मोठा गैरसमज, फार खेद, इफ्राहने उरलेला उन्हाळा इथेच राहावं, पुढच्या वर्षीही. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात सोडवून घेतला.

"फोनवर तुम्ही मला म्हणालात, तुमच्या मुलीने नुकसान केलं. वाटभर मी विचार करत आलो, घरी काय सांगू. आता हे मला सांगू नका. तिला सांगा. आणि सगळ्यांसमोर."

प्रिसिलाने सांगितलं. दुपारच्या जेवणाला, सगळ्या कॅम्पसमोर. कोलेटचंही सांगितलं. ब्लेअरने गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. काही पोरींनी टाळ्या वाजवल्या. इफ्राहने वाजवणाऱ्यांकडे असं पाहिलं की त्या थांबल्या. काल हुर्यो करणाऱ्याही त्याच होत्या. ती फक्त "ठीक आहे" म्हणाली आणि पिशवी उचलली.

पुढे जे व्हायचं तेवढंच झालं. कोलेटचं प्रकरण कायद्याच्या हिशेबात फार जुनं झालेलं होतं. गोधडीबद्दल दंड झाला. मेरेडिथने प्रकृतीचं कारण देऊन न्यायाधीशपदासाठी दिलेलं नाव मागे घेतलं. पेपरात तिचा हसरा फोटो आला तो मी दवाखान्यात फाडला, बारीक बारीक तुकडे करून. राग अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं. टेकडीवरची ती रीत त्या दिवसापासून बंद आहे. मी आता पहाटे स्वतः तळ्यावर जाऊन उभी राहते.

पण त्या दुपारी निघताना इफ्राह गाडीशी थांबली. "ती बाई गावातच आहे ना? मला भेटायचंय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे बसले, रस्ता दाखवायला.

आश्रमात कोलेट खिडकीशी होती. खोलीत दोन परिचारिका चादरी बदलत होत्या. इफ्राह खुर्चीसमोर जमिनीवरच बसली, म्हणजे कोलेटला मान वर करावी लागू नये.

"माझं नाव इफ्राह. टॅमरॅकच्या गोधडीवर मी तुम्हाला पाहिलं. आज जळाली ती, पण मी पाहिलीय. तुम्ही एकट्या गेला नव्हतात. बाकीच्या सगळ्या काठावर होत्या. त्यांनी भरून ठेवलं होतं."

कोलेटचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, तिच्यापर्यंत पोचलंच नाही. परिचारिका चादर हातात धरून थांबल्या. मग कोलेटचे ओठ जुळवाजुळव करायला लागले. आम्ही वाट पाहिली.

"केस," ती म्हणाली. "माझे. कुठल्या... रंगाचे?"

इफ्राहने क्षणभर आठवलं. "लाल. लाल दोऱ्याचे. पाण्यावर पसरलेले. फार बारीक टाके होते, कुणीतरी खूप वेळ बसून घातलेले."

कोलेटने हात उचलून पांढऱ्या झालेल्या केसांवर ठेवला.

"लालच होते," ती म्हणाली. आणि इफ्राहकडे, तिच्या वडिलांकडे, त्या दोन परिचारिकांकडे, माझ्याकडे, एकेकाकडे बघत गेली, कुणी नाही म्हणतंय का ते पाहत. कुणी म्हणालं नाही.